अख्खी मांडी, बाभळीचे निखारे

नाशिकमधून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा, गंगापूर रोडने, दिंडोरीकडे, नाहीतर सिन्नरच्या अंगाने. ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी दिसल्याशिवाय राहत नाही. मिसळसुद्धा आता चुलीवरची झाली आहे. पाटीबद्दल तक्रार नाही, मटण बऱ्याच ठिकाणी चांगलंही असतं. पण त्या चवीत चुलीचा वाटा किती, हे कुणी विचारत नाही. झाकण घातलेल्या पातेल्यातल्या रश्श्याला खाली बाभूळ जळते आहे की गॅस, याचं फारसं सोयरसुतक नसतं. धूर पातेल्याच्या कडेने वर निघून जातो. झाकण उघडल्यावर आत शिरतो तेवढाच. बाकी चव वाटणाची आणि तर्रीची.

लाकडाची चव खरोखर हवी असेल तर मांस आणि निखारा यांच्यामध्ये भांडं येता कामा नये. सळईला लावलेले छोटे तुकडे आठ-दहा मिनिटांत होतात. त्यांना करपल्याचा खमंगपणा येतो, पण धूर मुरायला सवड मिळत नाही. त्यासाठी मोठा तुकडा हवा, हाडासकट, आणि तीन-साडेतीन तास. म्हणजे बोकडाची अख्खी मांडी. आपल्याकडे ती ढाब्यावर ‘रान’ म्हणून मिळते, पण बहुतेक वेळा आधी कुकरमध्ये शिजवून मग तंदूरला दाखवलेली असते. तो शॉर्टकट धंद्याला ठीक आहे. घरी, मळ्यात, हुरड्याच्या दिवसांत चार माणसं जमली असताना तो घ्यायचं काही कारण नाही.

मोठा तुकडा लाकडावर भाजण्याचं शास्त्र बरंचसं गोमांसावर तयार झालं आहे आणि ते परदेशी पुस्तकांतून, व्हिडिओंतून जसंच्या तसं आपल्याकडे येतं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून ती बैल आणि वळूलाही लागू झाली. म्हशी-रेड्याचं मांस त्या बंदीत येत नाही, पण बाजारात मिळतं ते बहुधा वय झालेल्या जनावराचं, काळपट आणि कमी चरबीचं. ते सावकाश रश्श्यातच बरं. म्हणजे उरला बोकड. आणि घोळ इथेच होतो, कारण बीफ रोस्टची तापमानं बोकडाला लावली की मांडी हमखास फसते.

गोमांसाचा रिब रोस्ट, म्हणजे पाठीलगतचा बरगड्यांचा भाग, मध्यभागी ५५ ते ५७ अंश सेल्सिअसला पोचला की उतरवतात. आतून गुलाबी आणि रसाळ राहतो. हे जमतं, कारण तो स्नायू जनावराने फारसा राबवलेला नसतो आणि त्याच्यात चरबी धाग्याधाग्यात पेरलेली असते. बोकड दिवसभर हिंडतो, मागच्या दोन पायांवर उभा राहून बाभळीचा पाला ओरबाडतो. त्याच्या मांडीत चरबी नावाला, आणि स्नायू बांधून ठेवणारं पांढरं, चिवट कोलॅजन भरपूर. ५७ अंशांना उतरवलेली अशी मांडी चावता चावत नाही. पुढे ६० ते ६५ अंशांच्या आसपास कोलॅजन आकसतं आणि मांसातलं पाणी पिळून बाहेर काढतं. ते विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला ८० च्या पुढचं तापमान आणि वर बराच वेळ लागतो. त्यामुळे ७० अंशांवर मांडी सर्वांत वाईट अवस्थेत असते, कोरडीही आणि चिवटही. बहुतेक लोक नेमके इथे घाबरतात, ‘जास्त झाली’ म्हणतात आणि उतरवतात. ती जास्त झालेली नसते, कमी झालेली असते. तिला ९० अंशांपर्यंत जाऊ दिलं की तीच मांडी बोटांनी सुटते. गोमांसातला तिचा सख्खा भाऊ रिब रोस्ट नव्हे, ब्रिस्केट. तो छातीचा चिवट भाग टेक्सासमध्ये ओकच्या लाकडावर दहा-बारा तास ठेवतात आणि ९०-९५ अंशांना उतरवतात.

आता खाटकाकडे. काय हवं ते सुरा चालायच्या आत सांगायचं. साधारण १० ते १२ किलो मटण भरणाऱ्या, वर्षाच्या आतबाहेरच्या बोकडाची मागची मांडी, १.६ ते २ किलोची. अडीच किलोच्या पुढची मांडी वयस्कर जनावराची निघण्याची शक्यता जास्त, तिला तास-दीड तास जादा द्यावा लागतो. नळी फोडायची नाही. वरच्या टोकाचं कमरेचं चपटं हाड मात्र काढून घ्यायचं. ते राहिलं तर सांध्यापाशी उष्णता उशिरा पोचते आणि वाढताना सुरी अडते. वरची चरबी खरवडू द्यायची नाही. पातळ, चकचकीत पडदा असतो तो तेवढा सोलून घ्यावा, कारण तो भाजल्यावर कागदासारखा ताठ होतो आणि मीठ आत जाऊ देत नाही. आणखी एक गोष्ट आवर्जून मागायची, बोकडाच्या पोटावरची जाळीसारखी चरबी. बरेचदा ती फेकलीच जाते, मागितली तर फुकटही मिळते. तिचं काम पुढे येईल. बोल्हाईचं मटण चालत असेल, म्हणजे मेंढीचं, तर मांडीवर चरबीचा थर जाड असतो. मग जाळीची गरज नाही आणि वेळही थोडा कमी लागतो. फक्त चरबी गळून भडका होण्याचं प्रमाण वाढतं.

मटण आदल्या दिवशी आणायचं. रविवारी सकाळी रांगेत उभं राहून आणलेलं मटण दुपारच्या रश्श्याला चालतं, कुकर त्याला वठणीवर आणतो. पण कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा उतरायला थंडाव्यात एखादा दिवस जातो. ताठरलेली मांडी निखाऱ्यावर गेली तर पुढचं सगळं कौशल्य वाया. म्हणून शनिवारी आणायची, मीठ लावायचं आणि फ्रिजमध्ये उघडीच ठेवायची.

मिठाचं प्रमाण वजनाच्या सव्वा ते दीड टक्का. १.८ किलोच्या मांडीला २२ ते २७ ग्रॅम, म्हणजे साधारण चार सपाट चहाचे चमचे. निम्मं मीठ जाड भागाला, उरलेलं सगळीकडे. नळीकडे चिमूटभरच. पहिल्या तासात मांडीला पाणी सुटतं, मीठ त्यात विरघळतं आणि मग ते खारं पाणी पुन्हा आत ओढलं जातं. मीठ लावल्यावर अर्ध्या तासाने मांस ओलं दिसलं की लोक कापडाने पुसून घेतात आणि अर्धं मीठ पुसलं जातं. ते पुसायचं नाही. २४ तासांत मीठ चांगलंच आत पोचतं. लसूण, आलं, हळद, तिखट, गरम मसाला यांतलं काहीही इतकं आत जात नाही. ते सगळं वरच्या दोन-चार मिलिमीटरमध्ये अडतं. रात्रभर मसाल्यात मुरवलेली रान ही निम्मी श्रद्धा आहे. मुरतं ते मीठच.

कच्च्या पपईबद्दल माझं मत वाईट आहे. तिच्यातलं पपेन पृष्ठभागावरचं मांस लिबलिबीत करतं, आतल्या सांध्यापर्यंत पोचत नाही, आणि ६०-७० अंशांना तर आणखी जोमाने काम करतं. परिणामी वर पिठूळ आणि आत चिवट असे दोन वेगळे पदार्थ एकाच हाडावर मिळतात. किलोला एक मोठा चमचा आणि फार तर दोन तास, एवढंच ते सहन होतं. तीन तास निखाऱ्यावर ठेवायची तयारी असेल तर पपई लागतच नाही. दही चालतं, पण ते पाणी सोडतं आणि पृष्ठभाग तांबूस व्हायला उशीर लावतं. दही घातलंच तर फडक्यात टांगून घट्ट केलेलं.

भाजायच्या दिवशी ८-१० लसूण पाकळ्या आणि दोन इंच आलं वाटून, अर्धा चमचा हळद आणि दोन मोठे चमचे तेल घालून मांडीला चोळायचं. सांध्याजवळ हाडापर्यंत दोन खोल चिरा देऊन त्यात थोडं वाटण भरायचं. दोनच. मांडीभर आडव्या-उभ्या चिरा पाडण्याची पद्धत दिसायला छान, पण प्रत्येक चीर रस बाहेर पडायची वाट असते आणि तिच्या कडा आधी करपतात. काळा मसाला, तिखट, खोबरं यातलं काहीही आत्ता लावायचं नाही.

लाकडाकडे आलो की खरी मजा. आपल्या भागात बाभळीला तोड नाही. जड, संथ जळणारी, निखारा टिकाऊ. चिंचेचा निखारा याहून कडक, पण चिंच फोडताना कुऱ्हाड आणि माणूस दोघंही थकतात. आंब्याचं लाकूड मवाळ आहे, धूर सौम्य, निखारा मात्र लवकर विझतो. बाभळीच्या निखाऱ्यावर मधूनमधून आंब्याची एखादी ढलपी, हे जोडकाम मला सर्वांत आवडतं. पेरूची वाळकी फांदी मिळाली तर तीही उत्तम. सुबाभूळ भरभर जळते. आग पेटवायला चांगली, भाजायला नाही. कडुनिंब आणि निलगिरी दूर ठेवावेत, दोघांचा उग्र वास मांसात उतरतो. प्लायवूड, रंग दिलेल्या चौकटी, पॅकिंगच्या पेट्या चुलीजवळही आणू नयेत. त्यांतल्या डिंक-रंगांचा धूर खाण्याच्या लायकीचा नसतो.

नाशिकच्या लाकडाची गोष्ट द्राक्षाशिवाय पुरी होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत बागेबाहेर काड्यांचे ढीग पडतात. फ्रान्सच्या बोर्दो भागात अशाच काड्यांच्या आगीवर गोमांसाच्या चकत्या भाजण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे आपल्याकडेही हौशी लोकांचे डोळे त्या ढिगाकडे वळतात. वळू द्यावेत, पण डोळसपणे. बागेवर हंगामभर बुरशीनाशकं पडतात, बोर्डो मिश्रणातलं मोरचूद सालीवर बसतं. कधीकधी काडीच्या बेचक्यात फिकट निळसर पूड नखाने खरवडता येते. ताज्या छाटणीची काडी म्हणूनच मांसाखाली नको. त्यापेक्षा बाग काढल्यावर निघालेली जुनी खोडं घ्यावीत, जी एक पावसाळा उघड्यावर भिजून नंतर उन्हाळाभर वाळली आहेत. त्यांची साल पट्ट्यापट्ट्यांनी निघते, ती सगळी सोलून टाकायची. खोडात रुतलेली तार आणि बांधणीची प्लॅस्टिकची सुतळी शोधून काढायची. एवढं करूनही हे लाकूड पूर्ण जळून लाल निखारा झाल्यावरच मांसाखाली घ्यायचं, धुरासाठी वापरायचं नाही. निखारा मात्र झकास, कडक आणि स्वच्छ. त्याची राख भांडी घासायला किंवा परसातल्या भाजीला वापरू नये.

लाकूड वाळलंय का, हे कानाने कळतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या; टणक, खणखणीत आवाज आला तर कोरडं, धप्प आवाज आला तर ओलं. टोकाला मध्यापासून बाहेर तडे गेलेले असतात, साल सैल असते. ओल्या लाकडातली बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, आग थंड राहते, आणि अर्धवट जळालेला दाट पांढरा धूर निघतो. हाच धूर मांसाला कडवट, डांबरी चव देतो आणि जिभेवर किंचित बधिरपणा आणतो. चांगला धूर जेमतेम दिसतो, निळसर असतो, डोळ्यांना झोंबत नाही. जितका धूर जास्त तितकी चव जास्त, हा समज अनेक चांगल्या मांड्यांचा घात करून गेला आहे. पावसाळ्यात तर छपराखालचं लाकूडही हवेतली ओल धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये हा बेत आखूच नये.

चूल साधी. तीसेक कोरड्या विटा घेऊन आतून दोन फूट लांब, दीड फूट रुंद चौकट रचायची, विटा आडव्या, तीन थर. दोन्ही आखूड टोकांना खालच्या दोन थरांत एकेक विटेची जागा मोकळी सोडायची. तिथूनच हवा जाते आणि तिथूनच नवे निखारे सारता येतात. विटांऐवजी गोदेच्या पात्रातले गोटे आणू नयेत. पाण्यातल्या दगडात मुरलेलं पाणी तापून वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. वर लोखंडी जाळी. आच्छादनाला दोन फूट व्यासाचं मोठं पातेलं उपडं घालायचं; मंडप-भांडीवाल्याकडे ते भाड्याने मिळतं. चौकट चौकोनी आणि पातेलं गोल, त्यामुळे चार कोपरे उघडे राहतात आणि धूर तिथून निघून जातो. धूर कोंडला की पुन्हा तीच कडवट चव. म्हणून हे कोपरे बुजवण्याचा उद्योग करू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा झाकणाला नको.

आग या चौकटीत पेटवायची नाही. चार-पाच फूट बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला वेगळी आगटी करायची, तिच्यात लाकूड जळू द्यायचं आणि तयार निखारा फावड्याने चुलीत आणायचा. सगळ्या उठाठेवीत यापेक्षा महत्त्वाचं काही नाही. एकाच आगीवर भाजायला बसलं की लाकूड कमी पडतं, मग मांसाखालीच ओंडका सारला जातो, तो धुमसतो, कुणीतरी फुंकणी घेऊन बसतं, राख उडते आणि मांडीवर करड्या साखरेसारखी बसते. फुंकणी, पुठ्ठा, सुपाचा वारा, सगळं आगटीपाशी. चुलीपाशी फक्त चिमटा आणि फावडं. १.८ किलोच्या मांडीला १० ते १२ किलो वाळकी बाभूळ धरून चालावं. उरली तर शेकोटी आहेच.

रात्री ८ ला जेवायचं असेल तर ३ वाजता आगटी पेटवावी. तासाभरात ज्वाळा बसतात, निखाऱ्यावर राखेची पातळ पांढरी साय येते. मग चुलीच्या दोन्ही टोकांना निखाऱ्याचे वीतभर रुंद ढीग, आणि मधोमध एक पसरट ताट, त्यात दोन पेले पाणी, चार जाड चिरलेले कांदे. मांडी या ताटाच्या वर येते, निखाऱ्याच्या वर नाही. तिची चरबी ताटात गळते, निखाऱ्यावर गळून भडकत नाही. आच तपासायला हात पुरतो. जाळीच्या उंचीवर तळवा धरून सावकाश अंक मोजायचे. निखाऱ्यावर तीन-चारला हात काढावा लागला आणि मध्ये ताटावर आठ-दहापर्यंत टिकला तर बरोबर. मध्येही पाचलाच चटका बसला तर दोन्ही ढीग भिंतीकडे सारायचे. पातेल्याखाली १४० ते १६० अंश हवेत.

मांडी पाऊण तास आधी फ्रिजमधून काढायची. मे महिन्यात एवढाही वेळ नको, वीस मिनिटं पुष्कळ. जाळीदार चरबी कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवली की उलगडते. ती मांडीभर शालीसारखी लपेटायची, फक्त नळी उघडी. भाजताना ती हळूहळू वितळून मांडीला तेलपाणी करत राहते आणि शेवटी नाहीशी होते. ती मिळाली नसेल तर दर अर्ध्या तासाने तूप लावायचं, पण मग दर वेळी झाकण उघडतं आणि उष्णता जाते. जाड बाजू निखाऱ्याच्या जरा जवळ, नळी लांब. नळीचं मांस पातळ असतं, ते आधी होतं. त्याला भिजवलेल्या केळीच्या पानाची पट्टी गुंडाळली तर करपत नाही.

पहिला दीड तास धुराचा. मांसाचा पृष्ठभाग थंड आणि ओलसर असतो तोवरच तो धूर चांगला धरतो, म्हणून आंब्याच्या ढलप्या याच वेळात, एका वेळी एक, पेटलेलीच टाकायची. दर ३०-४० मिनिटांनी दोन्ही टोकांना एकेक फावडं नवा निखारा. जुन्या निखाऱ्यावर राखेचा जाड थर चढला असेल तर चिमट्याने हलके ठोकून झाडायचा, राखेखाली उष्णता दबून राहते. पाऊण तासाने मांडी उलटायची, नंतर टोकं बदलायची, कारण वारा एका बाजूने येतो आणि त्या बाजूचा निखारा जास्त फुलतो. निफाड-दिंडोरीकडची जानेवारीतली रात्र असेल, पारा पाच-सहा अंशांवर उतरला असेल, तर निखारा निम्म्याने जास्त लागतो आणि वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करावा लागतो.

थर्मामीटर नसेल तर घ्यावाच, सुईचा साधा. सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता. ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान काटा अडकून बसतो आणि हलत नाही. पृष्ठभागावरून पाणी उडतं, ते उडताना उष्णता घेऊन जातं, आणि जेवढी उष्णता निखारा देतो तेवढी ते काढून घेतं. इथे घाईने आच वाढवली की बाहेर काळं, आत तेच. उपाय गुंडाळण्याचा. केळीचं पान आगीवर फिरवून मऊ करायचं, मांडी त्यात घट्ट बांधायची, ताटातल्या रसाचे दोन-तीन मोठे चमचे आत घालायचे आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर. फॉइलऐवजी कणकेचा जाड थरही चालतो, पण तो भाजून टणक झाला की आत सुई घालता येत नाही. आता पाणी उडायला जागा नाही, काटा पुन्हा चालू लागतो. धुराचं काम झालेलं असतं, त्यामुळे या टप्प्यावर लाकूड कोणतं हे गौण आहे, फक्त आच स्थिर हवी.

पुढचे दीड ते दोन तास काही करायचं नसतं, आणि लोकांना तेच जमत नाही. दर दहा मिनिटांनी उघडून पाहणाऱ्या माणसाला भाकरीच्या पिठाकडे पिटाळावं. ९० अंश झाले, की थर्मामीटर बाजूला ठेवून स्वच्छ दाभण घ्यायचं. जाड भागात खुपसलं तर ते स्वतःच्या वजनाने जात असल्यासारखं जायला हवं. एका जागी सहज आणि सांध्यापाशी अडखळत गेलं तर अजून वीस मिनिटं. नळीवरचं मांस बोटभर मागे सरून हाड उघडं पडलं, ही दुसरी खूण.

मसाला आता. दोन चहाचे चमचे काळा मसाला, एक चमचा तिखट, तीन मोठे चमचे पातळ तूप. काळ्या मसाल्यातलं खोबरं, कांदा, दगडफूल आधीच खरपूस भाजलेलं असतं. तीन तास निखाऱ्यावर ठेवलं असतं तर कोळसा होऊन कडू झालं असतं. मांडी सोडवायची, आतला रस ताटात ओतायचा, तूप-मसाला ब्रशने लावायचा, आणि दोन्हीकडचा निखारा आता मधोमध ओढून मांडी सरळ त्याच्यावर धरायची. ताट आधी काढायला विसरू नये. दर मिनिटाला फिरवत सात-आठ मिनिटं. मांस या वेळी इतकं मऊ असतं की चिमट्याने उचललं तर तुटतं. नळी एका हातात कापडाने धरायची, खालून रुंद उलथनं द्यायचं. ज्वाळा उठली तर पाणी मारायचं नाही, त्याने राख उसळून वर बसते. मांडी बाजूला घ्यायची, ज्वाळा आपोआप बसते.

मग अर्धा तास दुसऱ्या ताटाखाली झाकून ठेवायची. कापल्यावर कडेला बोटभर गुलाबी पट्टा दिसला तर कच्चं राहिलं म्हणून परत आगीवर चढवू नये. लाकडाच्या धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी बांधले जातात, त्याचा तो रंग. ९० अंशांपर्यंत गेलेलं मांस कच्चं नसतं.

सोबतीला कांदा थेट निखाऱ्यात घालायचा, न सोलता. त्यासाठी लासलगावच्या बाजारातला उन्हाळ कांदा घ्यावा, पावसाळी लाल कांदा नको. उन्हाळ कांद्याची सालं घट्ट आणि कोरडी असतात, ती जळून आतला गर वाफेवर शिजतो. लाल कांदा पाणचट असतो, फुटतो. उन्हाळ कांदा पंचवीस मिनिटांत होतो. ताटातला रस, त्यात विरघळलेले कांदे आणि चरबी, पातेल्यात घेऊन वरची चरबी थोडी काढून टाकली आणि चमचाभर काळा मसाला घालून एक उकळी दिली की बाजरीच्या भाकरीला लागणारा रस्सा वेगळा करावा लागत नाही. या रश्श्याला लाकडाची चव असते.

उरलेलं मांस हाडावरून सोडवून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. ते पुन्हा आगीवर तापवलं तर वाळतं, रश्श्यात घालून गरम करावं. तीन दिवस टिकतं. नळी आणि सांधा फोडून कुकरला लावताना जादा मीठ घालायचं नाही, हाडाजवळ आधीच मुरलेलं असतं. आगटी मात्र पाणी ओतून, फावड्याने उलटीपालटी करून, हाताला थंड लागेपर्यंत विझवायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारी गव्हाचं उभं शेत किंवा वाळलेलं गवत असेल तर हे झोपण्याआधीच.